ब्राँझ कोरीने शेवटी अंडी दिली, पण मे मध्ये नाही

घरच्या टँकमध्ये ब्राँझ कोरीची (तळाशी राहणारा, मिशावाला छोटा कॅटफिश) पिल्लं काढायचं एप्रिलपासून रखडलेलं प्रकरण जूनमध्ये एकदाचं हललं, म्हणून लिहायला बसलो.

सेटअप साधाच आहे. दोन फुटी टँक, २४ बाय १२ बाय १२ इंच, स्पॉन्ज फिल्टर, थोडं जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड), हीटर नाही कारण डोंबिवलीत तो कशाला लागतोय. आधी तळाला रंगीत खडी होती, ती सगळी काढली, कारण कोरी दिवसभर मिशांनी तळ उकरत असतात नि धारदार खडीवर मिशा झिजून जातात. त्याऐवजी नदीची वाळू पिठाच्या चाळणीने चाळून सात-आठ बादल्या पाण्यात धुऊन टाकली. चाळण आता माझ्याकडेच राहिलीये, आई परत घ्यायला तयार नाही.

मासे कुर्ल्याहून सहा आणले होते, घरी येऊन वरून नीट बघितलं तर चार माद्या नि दोनच नर. वरून बघितलं की कळतं, मादी रुंद नि गोलसर, नर सडपातळ. ब्रीडिंगला हे उलटं पाहिजे, मादीमागे दोन नर तरी. मग दोन माद्या मित्राला दिल्या नि तीन नर आणले. (२०२४ मध्ये यांचं शास्त्रीय नाव कोरिडोरसवरून ऑस्टिओगॅस्टर झालंय, पण दुकानात ते मागितलंत तर भलतंच काहीतरी हातात येईल.)

खाणं म्हणजे फ्रोझन ब्लडवर्म, दिवसाआड. फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी अळ्यांचा डबा बघून घरात जे झालं ते लिहीत नाही. आईचा प्रश्न मात्र बरोबर होता, "शिंगाळ्याच्याच जातीचा ना हा, मग एवढासाच कसा?"

आता मुख्य मुद्दा. पावसाचं थंड पाणी आलं की कोरी अंडी देतात, म्हणून थंड पाणी ओतून पावसाचा भास द्यायचा हे मासे पाळणाऱ्या सगळ्यांना माहितीये, मी पण मे मध्ये इमानदारीत दर चार दिवसांनी ५० टक्के पाणी बदलत होतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपो टाकून, सगळं व्यवस्थित, आणि काहीच होत नव्हतं. मग एकदा थर्मामीटर बादलीत घातला. टँक ३० डिग्री, गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी ३३! म्हणजे महिनाभर मी त्यांना गरम पाण्याची आंघोळ घालत होतो. बर्फाच्या बाटल्या सोडून बघितल्या, २७ पर्यंत यायचं नि सकाळी परत ३०.

जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला, नळाला २५ चं पाणी आलं. संध्याकाळी अर्धं पाणी बदललं, रात्री परत थोडं. सकाळी साडेसहाला बघतो तर चार नर एका मादीच्या मागे काचेवर वरखाली पळतायत. मग तो टी आकार दिसला, नर आडवा नि मादी त्याच्या पोटाला तोंड लावून. मादी चक्क शुक्राणू पिते, ते आतड्यातून बाहेर येऊन पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या दोनचार अंड्यांवर पडतात, जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये रंग वापरून हे दाखवलं होतं. वाचलं होतं, तरी समोर बघताना चहा गार झाला.

दुपारपर्यंत काचेवर ८४ अंडी. मोठे मासे खाऊन टाकतात म्हणून बोटाने हलकेच गोल फिरवत सोडवली, चांगली अंडी रबरासारखी असतात, फुटत नाहीत. आइसक्रीमच्या डब्यात टँकचंच पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन, बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लूचे दोन थेंब नि सोसायटीतल्या बदामाचं एक वाळकं पान. १९ पांढरी पडली, ती ड्रॉपरने रोज काढली नाहीतर बुरशी शेजारच्यांना लागते. चौथ्या दिवशी ५८ पिल्लं.

आणि इथे मी माती खाल्ली. योकसॅक (पिल्लांच्या पोटाखालची बलकाची पिशवी) संपल्यावर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, उबवून दिला, पोटं केशरी दिसली म्हणून खूश होऊन परत दिला, त्यात रात्री दोन तास लाईट गेली, पंप बंद. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतो, तो सगळा तळाशी कुजला. सकाळी निम्म्याहून जास्त गेलेली. डबा दोन लिटरचा नि खाणं वीस लिटरचं, दुसरं काय होणार.

उरलेली २३ आता २४ दिवसांची आहेत, सेंटीमीटरभर, पाठीवर ठिपके, मिशा दिसायला लागल्यात. आता दहा लिटरच्या टबात आहेत, तळाला नुसता वाळूचा पातळ थर, दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं, तासाभराने उरलेलं पाइपने ओढून रोज २० टक्के पाणी नवीन. एअर पंप आता बॅटरीवाला घेतलाय. जाळीने मात्र पकडू नका, परांचे काटे अडकतात, मी कपाने काढतो.

मायक्रोवर्मचं (पिल्लांना खायला घालायच्या बारीक अळ्या) माझं कल्चर मे च्या उन्हात मेलं, ठाणे-कल्याण पट्ट्यात कुणाकडे चमचाभर असेल तर सांगा, दुसरी मादी परत गोल दिसायला लागलीये.