पाकिटातल्या पिठाचा आरेपा

शनिवार, रात्री उशिरा

हाताला अजून लसूण-कोथिंबिरीचा वास आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स नाइट मार्केटमधून आत्ताच परतले. आरेपा, म्हणजे व्हेनेझुएलाची मक्याची जाड भाकरी, पाकिटातल्या पिठाची असली तर तिच्यात करणाऱ्याचं काय राहिलं, हा वन्संशी सुरू झालेला वाद ट्रेनमध्ये अर्धवटच राहिला, तो निदान इथे तरी पुरा करावा म्हणून झोपण्याआधी लिहायला बसले आहे.

हा बाजार फ्लशिंग मेडोज कोरोना पार्कात, विज्ञान संग्रहालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत भरतो. ७ नंबरच्या ट्रेनने १११ स्ट्रीटला उतरायचं आणि गर्दीच्या मागे चालत सुटायचं. २०१५ मध्ये सुरू झाला, उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी असतो. ऑगस्टच्या शेवटी शेजारी टेनिसची यूएस ओपन असते, तेवढे दिवस बंद. मला हा बाजार आवडतो तो त्यांच्या एका नियमामुळे. किमतीला मर्यादा आहे, बहुतेक पदार्थ ५-६ डॉलरला मिळतात. म्हणून इथे आसपासची माणसं पोराबाळांसकट पोटभर जेवायला येतात. मॅनहॅटनमधल्या नटव्या फूड मार्केटात तसं कधी दिसत नाही.

वन्सं न्यू जर्सीतल्या एडिसनहून राहायला आल्या आहेत. पक्क्या शाकाहारी. व्हेनेझुएलाच्या स्टॉलसमोर मी थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, इथे माझ्यासाठी काय असणार?" होतं की! दोमिनो नावाचा आरेपा. काळ्या घेवड्याची उसळ आणि वर किसलेलं पांढरं चीज. काळं-पांढरं, म्हणून डॉमिनोच्या सोंगट्यांचं नाव. उसळीत मांस किंवा चरबी नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं. काउंटरवरच्या बाईंनी झाकण उघडून पातेलंच दाखवलं आणि वन्संचा आरेपा तव्याच्या वेगळ्या कोपऱ्यात टाकला. न सांगता. त्या एका गोष्टीने वन्सं एकदम खूश.

रांग लांब होती, त्यामुळे बघायला भरपूर मिळालं. परातीत आधी पाणी आणि मीठ, मग वरून पीठ भुरभुरवत एका हाताने फिरवायचं. पाच मिनिटं झाकून ठेवलं की पीठ पाणी पितं. मग लिंबाहून मोठा गोळा, दोन्ही तळव्यांत थापून बोटभर जाडीची चकती, कडेला भेग दिसली की ओल्या बोटाने बुजवायची. तव्यावर दोन्ही बाजूंना खरपूस डाग पडले की मंद आचेवर आत शिजू द्यायचा. झाला की नाही हे त्या बाई बोटाने टकटक वाजवून ओळखत होत्या. पोकळ आवाज आला की झाला. मग सुरीने पोट फाडायचं, मागची कड जोडलेली ठेवायची आणि सारण भरायचं.

काउंटरखाली पिवळ्या पाकिटांची चळत होती. लाल रुमालावर पांढरे ठिपके, तो डोक्याला बांधलेल्या बाईचं चित्र. हारिना पान, मक्याचं तयार पीठ. ते बघून वन्सं म्हणाल्या, "म्हणजे पीठ तयारच आणतात. मग यात त्यांचं काय राहिलं?"

मला हे पटत नाही, अजिबात नाही.

हे पीठ येण्याआधी आरेपा म्हणजे काय होतं? मका लाकडी उखळात मुसळाने कांडायचा, साल काढायची, शिजवायचा, दळायचा, मग मळायचा. सकाळच्या न्याहारीसाठी बायका रात्रीपासून राबत. १९५० च्या दशकात लुइस काबायेरो मेहियास नावाच्या व्हेनेझुएलन इंजिनिअरने मका शिजवून, वाळवून त्याचं पीठ करायची पद्धत बसवली आणि पेटंट घेतलं. १९६० मध्ये पोलार कंपनीने हे पाकीट बाजारात आणलं. पीठ आधीच शिजलेलं असल्यामुळे त्याला नुसतं पाणी पुरतं. आपल्याकडचं मक्याचं कच्चं पीठ घेऊन असा आरेपा थापायला जाल तर तो तुटेल.

माझी आजी गिरणीची गोष्ट सांगायची. गावात गिरणी आली तेव्हा जुनी माणसं कुरकुरली, की जात्यावरच्या पिठाची चव गेली. आजी म्हणायची, चव गेली असेल, पण माझे खांदे राहिले. जात्यावरच्या ओव्या मलाही प्रिय आहेत, पण त्या ऐकून कुणी जातं परत आणा म्हणालं तर मी आजीच्या बाजूने उभी राहीन. ती वन्संची आजी नसली तरी वन्संच्याही घरात एक अशी आजी होतीच.

आणि दुसरं. गेल्या दहा-बारा वर्षांत ७५ लाखांहून जास्त माणसं व्हेनेझुएला सोडून गेली. कोलंबिया, पेरू, स्पेन, इथे. उखळ कोण बरोबर नेणार? पाकीट मात्र सगळीकडे मिळतं. रांग सरकत असताना मी स्टॉलवरच्या बाईंना तसं म्हटलं, तर त्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, की तिकडे टंचाईच्या काळात याच पाकिटासाठी त्या सकाळपासून रांगेत उभ्या राहायच्या आणि पुष्कळदा नंबर येईपर्यंत माल संपायचा. इथे रूझवेल्ट अव्हेन्यूवर कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं. एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाची ऑर्डर घेतली.

मी रेइना पेपिआदा घेतला. कोंबडी, अवोकाडो आणि मेयोनेज यांचं गार, मऊ सारण, बाहेर गरम कुरकुरीत कवच. १९५५ मध्ये सुसाना दुईम मिस वर्ल्ड झाली, लॅटिन अमेरिकेतली पहिली, तिच्या सन्मानार्थ काराकासमधल्या एका दुकानाने हा काढला. वरून ग्वासाकाका ओतून घेतला, अवोकाडो-कोथिंबिरीची हिरवी चटणी. दोघींत तेकेन्यो, चीजला कणकेची पट्टी गुंडाळून तळलेले, मूळ काराकासजवळच्या लोस तेकेसचे. तोंड भाजलं तरी थांबवेना. प्यायला पापेलोन कोन लिमोन, म्हणजे चक्क गूळ आणि लिंबाचं सरबत. वन्संनी ते दुसऱ्यांदा घेतलं.

आरेपा त्यांना आवडलाच. "पण पाकिटातलंच," हे स्टेशनच्या जिन्यावर पुन्हा म्हणाल्या. मी काही बोलले नाही. ८२ स्ट्रीटला उतरून दुकानातून एक पिवळं पाकीट घेतलं. दोमिनोसाठी काळा घेवडा आत्ताच भिजत घातला आहे. उद्या थापायला त्यांनाच बसवणार.