शर्यतीचा घोडा आणि दडवलेली वेदना

नीतिशास्त्राच्या पेपरात प्राण्यांच्या हक्कांवर प्रश्न आला की घोड्यांच्या शर्यतीचं उदाहरण हमखास येतं, आणि बहुतेक उत्तरं चाबकापाशीच अडकतात. चाबकाचा मुद्दा खरा आहे, पण तो दोन वाक्यांत संपतो. नॉर्वेत 1982 पासून घोडा पळवण्यासाठी चाबूक मारता येत नाही, तरी तिथे शर्यती होतात. ब्रिटनमध्ये 2023 पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. मर्यादेपेक्षा चार किंवा त्याहून जास्त फटके अधिक मारले, तर घोडाच बाद होतो. म्हणजे हा प्रश्न नियमाने सुटण्यासारखा आहे. जो सहजी सुटत नाही तो प्रश्न पायात आहे.

थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्याचं, वजन साधारण 450 ते 500 किलो. भरधाव पळताना क्षणभर हा सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, आणि त्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा आणि कातडी, एवढंच. सततच्या भाराने नळीच्या हाडात आणि घोट्याच्या सांध्यात बारीक इजा होत राहतात. शरीर त्या दुरुस्त करतं, पण आधी खराब हाड काढून टाकतं आणि मग नवं भरतं. काढायला काही आठवडे, भरायला काही महिने. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असतं. जीवघेणी फ्रॅक्चर बरेचदा अशाच आधीपासून दुखावलेल्या जागी होतात. त्यामुळे ‘अचानक अपघात झाला’ हे वाक्य मला पटत नाही.

घोडा बोलत नाही, पण लंगडतो. हे पाहायचं कसं? कडक, सपाट जमिनीवर दोरी सैल सोडून त्याला दुडक्या चालीने चालवायचं आणि डोक्याकडे बघायचं. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. मात्र दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही. पावलं फक्त आखूड पडतात. घाईत असलेला डॉक्टर इथेच फसतो.

आता त्याच घोड्याला फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक दिलं किंवा सांध्यात स्टेरॉइड टोचलं, तर लंगडणं थांबतं, पण हाड भरून आलेलं नसतं. शर्यतीआधीच्या तपासणीत तो ‘तंदुरुस्त’ ठरतो. मला सगळ्यात मोठा अन्याय इथे दिसतो. घोड्याची संमती कुणी विचारत नाही. नकार देण्याचं त्याच्याकडे एकच साधन आहे, वेदना, आणि औषधाने आपण तेच काढून घेतो. दुखण्यावर उपचार करू नयेत असं कुणीच म्हणत नाही. पण औषध दिलं तर विश्रांतीही द्यावी लागते, आणि नेमकी तीच परवडत नाही.

‘पाय मोडला तर उपचार का करत नाहीत?’ असं हटकून विचारलं जातं. बार्बारो हे उत्तर आहे. अमेरिकेतल्या केंटकी डर्बी शर्यतीचा 2006 चा विजेता घोडा. त्याच वर्षी मे महिन्यात प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. प्लेट आणि 27 स्क्रू घालून पाय जोडला गेला. पैसा किंवा काळजी कशातच कसर नव्हती. पण घोडा माणसासारखा आठवडेच्या आठवडे पडून राहू शकत नाही. शरीराचा भार चांगल्या पायावर गेला, त्या खुराला लॅमिनायटिस झाला, म्हणजे खुराच्या आतलं हाड बाहेरच्या कवचापासून सुटू लागलं. जानेवारी 2007 मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं.

उत्तरात बंदी हवी की नको हे जरूर लिहा, पण एक मागणी नेमकी मांडा: प्रत्येक इंजेक्शनची नोंद घोड्यासोबत जावी. क्लेमिंग शर्यतीत घोडा ठरलेल्या किमतीला विकत घेता येतो आणि शर्यत संपताच त्याचा तबेला बदलतो. आधीच्या तबेल्यात कुठल्या सांध्यात काय टोचलं हे नव्या प्रशिक्षकाला कळलं नाही, तर तो त्याच पायावर पुन्हा सराव सुरू करतो.