कार्डावरचे रिकामे रकाने

"ताई, आता परत बंद नाही ना करणार?" येरवड्याच्या एका वस्तीतल्या दवाखान्यात आज बायकांची ओपीडी पुन्हा सुरू झाली आणि रांगेतल्या पहिल्याच बाईने नाव सांगायच्या आधी हे विचारलं.

हातात अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचं कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. वरच्या तारखा पेनाने नीट लिहिलेल्या आणि खाली नुसते रिकामे रकाने. दर 3 महिन्यांनी घ्यायचं असतं ते, सरकारीत फुकट मिळतं, पण इथलं बंद झाल्यावर दोन बस बदलून जायचं म्हणजे धुण्याभांड्याच्या कामांचा खाडा, पैसे कापणार, वर सासूला काय सांगायचं, मग राहिलंच. आणि दिवस गेले. धाकटा कडेवरच होता.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 ला! एवढ्या वर्षांनी औषध आहे, फुकट आहे, पण बाईला चालत जाऊन मिळत नाही, याचा खरंच राग येतो.

सोमवारपासून तांबी पण बसवून मिळणारे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना सांगाल का? आणि नवऱ्याची सही लागत नाही, हे आवर्जून सांगा.