शिजवायची पेटी, हात लावायचा हातमोजे घालून

कॅनडातल्या व्हँकूवर बेटाच्या उत्तर टोकाला फोर्ट रुपर्ट आहे, क्वाकिउटल या तिथल्या मूळनिवासी लोकांचं गाव. तिथल्या एक आजी नातवाला घेऊन आमच्या संग्रहालयाच्या कोठारात आल्या होत्या. तो दिवस डोक्यातून जात नाही.

मी जुन्या वस्तूंचं जतन करते. लोक विचारतात ते मुखवट्यांबद्दल. पॉटलॅच या त्यांच्या भेटवस्तू वाटायच्या समारंभावर १८८५ ते १९५१ सरकारी बंदी होती, तेव्हा जप्त झालेल्या मुखवट्यांवर बोलायला सगळे तयार. स्वयंपाकाच्या पेट्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. आजींना पेटीच हवी होती.

ती बनते अशी: लाल सीडर झाडाची एकच फळी. तिला आतून तीन खाचा पाडायच्या, जेमतेम पापुद्रा उरेल इतक्या. तापल्या दगडांवर ओलं समुद्री शेवाळ टाकून वाफ द्यायची आणि फळी गरम आहे तोवर दुमडायची. चौथा कोपरा खुंट्या ठोकून जोडायचा, नाहीतर डहाळ्यांनी शिवायचा. खिळा एकही नाही, तरी पाणी गळत नाही! त्यात पाणी भरून लालबुंद दगड चिमट्याने सोडले की मासे शिजतात. आमच्या पेटीतून युलेकन माशाची चरबी अजून पाझरते.

आजी वास घ्यायला वाकल्या आणि मला त्यांना अडवावं लागलं. क्ष-किरणांनी वस्तूतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने पेटीत आर्सेनिक हे विष दाखवलं होतं. कीड लागू नये म्हणून पूर्वी संग्रहालयवाले ते सर्रास वापरायचे. नोंदवहीत काय, तर ‘लाकडी पेटी’. बस्स. त्या सद्गृहस्थांना मी मनातल्या मनात रोज शिव्या घालते.

आजींनी मुकाट हातमोजे चढवले, शिवलेला कोपरा चाचपला आणि नातवाला म्हणाल्या, “मापं घे.” दुपारभर आम्ही दोघं कॅलिपरने खाचा मोजत बसलो. खाचांच्या तळाशी उरलेलं लाकूड वरपासून खालपर्यंत एकसारख्या जाडीचं. पोरगा सुतारकाम करणारा, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी अहवालात लिहिलं: ‘यात अन्न शिजवू वा ठेवू नये.’ साहेब म्हणाले, हे काढ, संग्रहालयातल्या पेटीत कोण रांधतंय? पण उद्या पेटी गावाला परत गेली, तर पंगतीला बाहेर निघणारच. आजींनी काय ती काचेत बघायला मागितलीय? वाक्य मी काढलेलं नाही. साहेबांची सही अजून व्हायचीय.