नारळ वाढला, फरशीही वाढली

गेल्या गणेश चतुर्थीला दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या घरात दोन मोठे आवाज झाले आणि एक छोटा. पहिल्या आवाजात नारळ जसाच्या तसा राहिला आणि दाराजवळची फरशी तडकली. दुसऱ्या आवाजात नारळ फुटला, पण पाणी तांब्यात न पडता मखरामागच्या एक्स्टेंशन बोर्डात गेलं. तिसरा आवाज म्हणजे नुसतं ‘फट्’. मखरातल्या माळा गेल्या, स्पीकरवरची आरती मध्येच गप्प झाली, आणि ‘देवाची करणी आणि नारळात पाणी’ या म्हणीचा पूर्वार्ध-उत्तरार्ध मला एकदम कळला.

माझी बाजूही ऐकून घ्या. पेठेतल्या वाड्यात होतो तेव्हा नारळासाठी दगडी पायरी होती. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर पायरी कुठून आणायची? पाटा-वरवंटा मिक्सर आल्यापासून माळ्यावर पडलाय. खाली सोसायटीच्या प्रवेशद्वाराला पायरी आहे, पण तिथे पाटी आहे : ‘पायरीवर नारळ फोडू नयेत. चिकट होते. पुसणारे आपण नसता.’ मग उरली घरचीच फरशी.

“आई, फरशी फुटली,” मी म्हणालो.

“सणासुदीला फुटलं-तुटलं म्हणू नये रे. नारळ वाढला म्हणावं.”

“नारळ ठीक आहे. फरशी?”

आईने तडा नीट न्याहाळला. चांगला दीड फूट लांब होता. “तीही वाढलीच म्हणायची,” ती म्हणाली.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे विम्याचे काका दर्शनाला आले. हे काका तीस वर्षं विम्याचं काम करतात, त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की आधी त्यांना धोका दिसतो, मग माणसं. त्यांनी गणपतीला नमस्कार केला, समई पडद्यापासून किती लांब आहे ते पाहिलं, मोदक घेतला आणि मग तड्यावरून बोट फिरवलं. “क्लेम टाकलात का?” त्यांनी विचारलं. तेव्हा मला आठवलं, की आपल्या घराला विमा आहे. गृहकर्ज घेताना बँकेने तो गळ्यात मारला होता. आम्ही तो फाइलमध्ये ठेवला, फाइल कपाटात ठेवली, आणि कपाटाची किल्ली सुरक्षित जागी ठेवली. ती जागा अजून सापडलेली नाही. पण पॉलिसी ईमेलवरही आली होती म्हणे.

रात्री ती वाचली. १ एप्रिल २०२१पासून सगळ्या कंपन्यांना घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्यातली पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल सगळं आहे. इथवर ठीक. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ला फुटलं त्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकराला पुराचं नाव वाचून बरंच वाटतं. पण पुढे सुनामी आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यावर आमचा चौथा मजला, म्हणजे आमच्याकडे सुनामी आली तर क्लेम घ्यायला आणि द्यायला कोणी उरेल असं वाटत नाही. ज्वालामुखीही आहे. आमच्या बाजूचा शेवटचा ज्वालामुखी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शांत झाला, त्याच्या लाव्ह्याचा सह्याद्री झाला आणि त्यावर आम्ही रविवारी सकाळी फिरायला जातो. आणि त्याच यादीत, शांतपणे, कुठलाही खुलासा न करता, ‘क्षेपणास्त्र चाचणी’ आहे.

मी दोनदा वाचलं. क्षेपणास्त्राच्या चाचणीने माझी फरशी तडकली असती तर पैसे मिळाले असते. माझ्या हातून नारळ आदळला, तर नाही.

“नाहीच,” काका दुसऱ्या दिवशी म्हणाले. (दुसऱ्या दिवशीही मोदक होते.) “बाहेरची वस्तू येऊन आदळली तर भरपाई आहे. गाडी, झाड, विमान. नारळ बाहेरून आला होता का?”

“मंडईतून.”

“ते नाही चालायचं.”

मग एक्स्टेंशन बोर्डाचं विचारलं. तिथे आणखी गंमत आहे. शॉर्टसर्किट होऊन जी वस्तू स्वतःच जळते, तिची भरपाई नाही. पण तिच्यापासून आग लागून शेजारची वस्तू जळली, तर तिची आहे. म्हणजे बोर्डाला नाही, पण बोर्डामुळे मखर पेटलं असतं तर मखराला. थर्माकोलवर २०१८ साली बंदी आल्यापासून आमचं मखर पुठ्ठ्याचं असतं, ते छान पेटलंही असतं. कायद्याच्या भाषेत ही तरतूद न्याय्य असेल. पण स्वतः जळायचं आणि भरपाई मात्र शेजाऱ्याला, हे वाचून मला ऑफिसची आठवण झाली.

मी थोडा चिडलो आहे हे पाहून काकांनी आयुर्विमा महामंडळाचं ब्रीदवाक्य काढलं. ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. गीतेच्या नवव्या अध्यायात खुद्द भगवंतांनी हमी दिली आहे, असं ते मोठ्या श्रद्धेने म्हणाले. आई तिथेच वाती वळत बसली होती. तिने मान वर न करता त्याच श्लोकाचा पहिला चरण म्हणून दाखवला. त्यात अनन्यभावाची अट आहे. काका म्हणाले, “बघा, देवानेही अटी घातल्याच. आणि अनन्य म्हणजे काय? सगळ्या पॉलिसी एकाच एजंटकडे.”

तरीही मी फॉर्म भरायला घेतला. मिळणार नाही हे माहीत असूनही फॉर्म भरणं हा आमच्या गावचा एक खेळ आहे. ‘नुकसानीचा प्रकार’ या रकान्याशी आलो आणि अडलो. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “वाढली लिहा, आईंसमोर फुटली लिहू नका.” आणि मग जाणवलं, की हा फॉर्म आपल्या घरात चालणंच शक्य नाही. आपल्याकडे सणावाराला काही फुटत नाही, नारळ वाढतो. बांगडीसुद्धा वाढते. समई विझत नाही, शांत होते. अनारसा तेलात विरघळून कढईभर जाळी झाली तरी तो बिघडला म्हणत नाहीत, अनारसा हसला म्हणतात. पाहुणा निघाला तर ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि बऱ्याचदा खरंच येतो. आता असल्या घरातून क्लेम करायचा तर लिहायचं काय? ‘पाच वाट्या तांदळाचे अनारसे हसले, फरशी वाढली, स्पीकर शांत झाला.’ वाचणारा म्हणेल, अभिनंदन.

मोठ्या लोकांचं बरं असतं. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२५च्या गणेशोत्सवासाठी ४७४ कोटींचा विमा काढला होता. मला वाटलं होतं तो सगळा सोन्याचांदीचा असेल. पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा माणसांच्या अपघात विम्याचा होता : कार्यकर्ते, पुजारी, आचारी. हे मी कौतुकाने घरी वाचून दाखवलं. बायको तेव्हा एकवीस मोदकांच्या दुसऱ्या घाण्याला वाफ आणत होती आणि उकड काढताना तिचं मनगट भाजलं होतं. “आचाऱ्यांचाही?” तिने विचारलं. मी विषय बदलला.

पाचव्या दिवशी आरतीला तीस-पस्तीस माणसं आली आणि परत गेली तेव्हा माझ्या नव्या कोल्हापुरी चपलांच्या जागी रबरी, अंगठा तुटलेल्या, दोन्ही डाव्या पायाच्या चपला होत्या. नेणाऱ्याकडे दोन्ही उजव्या गेल्या असत्या तर समजण्यासारखं होतं, पण माझ्या तर व्यवस्थित जोडीने गेल्या. पॉलिसीत चोरी आहे. मात्र ती आग-भूकंपासारख्या एखाद्या संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली हवी. म्हणजे चपलांचे पैसे मिळायचे तर आधी भूकंप व्हायला हवा, आणि मग चोराने आठवड्याच्या आत उरकून घ्यायला हवं. इतका शिस्तीचा चोर पुण्यातही मिळणं कठीण.

बाकी सण ठीक पार पडला. फरशी बदलायला गेलो तर दुकानदार नमुना पाहून म्हणाला, ते डिझाइन दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. आईने तड्यावर गोपद्मं काढली. तडा खुरांच्या मधोमध बरोबर जातो, आता तो मुद्दाम काढल्यासारखा दिसतो.

दिवाळीत बी विंगच्या पोरांनी बाटलीत लावलेला बाण आमच्या गॅलरीत शिरला आणि वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या लेंग्याला रुपयाएवढं भोक पाडून विझला. मी त्याच आनंदात काकांना फोन लावला. “काका, क्षेपणास्त्र!”

काकांनी थोडा वेळ काहीच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “चाचणी म्हणजे सरकारी.”

“पण आग तर आहे?”

“आग आहे,” त्यांनी कबूल केलं. “लेंगा केवढ्याचा?”

“अडीचशेचा. तीन वर्षं वापरलेला.”

“द्या सोडून,” ते म्हणाले. त्यांना घसाऱ्याचं काही बोलायचं होतं बहुतेक, पण सणासुदीला त्यांनी ते टाळलं. “ते जाऊ द्या. या महिनाअखेर तुमची मुदत संपतेय. मग काय करू? पॉलिसी वाढवू ना?”

फोन स्पीकरवर होता. आई स्वयंपाकघरात बायकोबरोबर अनारसे तळत होती, आणि कढईत हसण्याचा आवाज चालू होता. तिथूनच ती ओरडली, “घरात नको म्हणावं! खाली पायरीवर वाढवा. पाटी नारळाची आहे, पॉलिसीची नाही!”