गाळातला पारा मोजताना

पारा मोजणारं यंत्र एका नमुन्याला पाच-सहा मिनिटं घेतं. खरा वेळ जातो तो नमुना यंत्रापर्यंत नेण्यात, आणि माझ्या मते बहुतेक आकडे बिघडतात तेही तिथेच.

माझ्याकडे काम होतं नदीच्या गाळातला एकूण पारा मोजण्याचं. माती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवायची हाताला सवय असते. इथे ते चालत नाही, पारा उडून जाऊ शकतो. ओलावा किती ते काढायला वेगळा भाग १०५ला ठेवला, पारा मोजायचा गाळ फ्रीज ड्रायरमध्ये, म्हणजे गोठवून वाळवणाऱ्या यंत्रात. ती सोय नसेल तर ४० अंशांच्या आत हवेवर वाळवतात. बरण्या काचेच्या घेतल्या, कारण साध्या प्लास्टिकमधून पाऱ्याची वाफ आरपार जाते. मग ६३ मायक्रॉनची चाळणी. पारा बारीक कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना धरून राहतो, त्यामुळे न चाळता वाळूची चिखलाशी तुलना केली तर वाळू उगाच निर्मळ ठरते. चाळणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नये.

पुढचं मजेशीर. निकेलच्या इवल्याशा होडीत चिमूटभर गाळ. ऑक्सिजनच्या झोतात तो जळतो, सुटलेली वाफ सोन्याच्या सापळ्यात अडकते. सापळा तापवला की पारा एकदम बाहेर पडतो आणि २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. आम्लात उकळत बसायला नको.

दर काही नमुन्यांनंतर प्रमाणित गाळ, म्हणजे ज्यातला पारा आधीच माहीत आहे असा, चालवायचा. माझ्याकडे मेस-३ नावाचा होता, त्याचं प्रमाणित मूल्य किलोला ०.०९१ मिलिग्रॅम. तो जुळला नाही तर मधले सगळे आकडे बाद. भरपूर पारा असलेल्या एका नमुन्यानंतर रिकामी होडी घातली, तर सपाट रेषेऐवजी पडद्यावर चांगला उंचवटा! आधीचा पारा आत रेंगाळत होता. रेषा सपाट होईपर्यंत रिकाम्या होड्याच जाळल्या. म्हणून संशयित ठिकाणचे नमुने नेहमी शेवटी लावते.

कॅनडाची गोड्या पाण्यातल्या गाळासाठीची मार्गदर्शक पातळी किलोला ०.१७ मिलिग्रॅम आहे, काही नमुने तिच्या वर गेले. पण सिनाबार या पाऱ्याच्या खनिजातला पारा फारसा विरघळत नाही, आणि माशांत साठत जातो तो मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप. हे यंत्र दोन्हींची एकच बेरीज दाखवतं. अहवालात ‘एकूण पारा’ एवढंच लिहिलं. मिथाइलसाठी त्याच गाळाचा वेगळा भाग पहिल्या दिवसापासून गोठवून ठेवला आहे.