दीड एकर हरळी

शेतकऱ्याच्या पोरानं पैसे देऊन हरळीसारखं चिवट तण लावून घेतलं म्हटल्यावर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. मी गेल्या पावसाळ्यात दीड एकर हरळी लावली. त्याच रानातली हरळी त्याआधी मीच मुळापासून खणून काढली होती.

पुणे जिल्ह्यातल्या एका घोड्यांच्या फार्मवर चाऱ्याचं काम माझ्याकडे आहे. त्याआधीची वर्षं गाईंच्या गोठ्यांवर गेली. आलो तेव्हा कुरण म्हणजे अर्धं टक्कल, अर्धं जंगल. गाय जिभेनं गवत ओढते. घोड्याला वरखाली दोन्हीकडं पुढचे दात, तो मुळाशी कुरतडतो. आणि जिथं लीद टाकतो तिथं सहसा तोंड लावत नाही. म्हणून लीद आठवड्यातून दोनदा तरी उचलायची, म्हणजे जंतही आटोक्यात राहतात आणि चराईही सारखी होते. मालक तबेल्याला कुठली फरशी बसवायची यावर महिना घालवतील, पण लीद उचलायला एक गडी जादा मागितला की वही निघते.

मी नांगर घातला. संकरित नेपियर या उंच चारा-गवताचे दोन डोळ्यांचे ठोंब ३ बाय २ फुटांवर लावले. अडीच महिन्यांत पहिली कापणी, पुढं दर चाळीसेक दिवसांनी. जून होऊ द्यायचा नाही, कोवळ्यात प्रथिनं जास्त. हिरवीगार कुट्टी, वर गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा. मालक पाहुण्यांना घोड्यांआधी माझं रान दाखवायचे. फुगलोच होतो मी.

आठव्या महिन्यात तांबडी घोडी लंगडायला लागली. आज पुढचा उजवा पाय, चार दिवसांनी मागचा डावा. नालबंद आला, त्यानं रिवाजाप्रमाणे आधीच्या नालबंदाला शिव्या घातल्या आणि नाल बदलले. फरक शून्य. मग गव्हाणीत अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे सापडायला लागले. सईस मामा म्हणाले, "सायेब, हिचं तोंड बदललंय." मला वाटलं, अंगात भरलीय.

डॉक्टरांनी डोळ्यांखालचं हाड दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. फुगलेलं, टणक. रक्तातलं कॅल्शियम जवळपास ठीक आलं, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. ते म्हणाले, "रक्तात ठीक दिसणारच, हाडं पोखरून भरतंय ते." मग विचारलं, "चारा कुठला? भुसा किती?"

नेपियरमधलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला आतड्यात धरून ठेवतं. गाईच्या पोटातले जिवाणू ते आधीच फोडतात, म्हणून गोठ्यावर मला कधी कळलंच नाही. घोड्यात ते फुटलं तरी मोठ्या आतड्यात, म्हणजे कॅल्शियम शोषायची जागा मागं गेल्यावर. त्यात भुशात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. आणि कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट जास्त असतं. मी मुद्दाम कोवळा कापत होतो! शिकताना आमच्यासमोर जनावर म्हणजे गाय-म्हैस, फार तर शेळी. पण ही सबब झाली. नोकरी घोड्यांची धरल्यावर विचारायला कुणी अडवलं नव्हतं.

नेपियर बंद केला, भुसा बंद केला. लसूणघास, वाळलेलं रोड्स गवत, कॅल्शियमची पूड. चाल सुधारायला कित्येक महिने गेले. तोंडाची सूज तशीच आहे, नवीन माणूस तिला बघून "ही कुठली जात?" असं विचारतो. नेपियर मालकांच्या चार गाईंपुरता ठेवला, बाकीच्या जागी हरळीच्या काड्या टोचल्या. शेजारचा बागायतदार बांधावर उभा राहून पोट धरून हसला.

काड्या टोचताना मामा सहज बोलून गेले, "पयल्यापास्नं ती कुट्टी सारून बांधाकडं मान घालायची. हरळीसाठी."

"मग सांगायचं नाही का, मामा?"

"सांगितलं हुतं की. तुमी म्हनला, लागंल सवय."

आठवत नाही, म्हणालो मी. आठवतं.